सातारा-गुहागर-सातारा, जुन्या ऑल्टो ८०० मधून: घाटानं नाही, पाटणच्या पुढच्या रस्त्यानं घाम काढला

काल रात्री साडेनऊला घरी पोचलो, अजून कंबर धरलेलीच आहे, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. येत्या शनिवार-रविवारी साताऱ्यातनं बरेच जण छोट्या गाड्या घेऊन कोकणात उतरणार आहेत, आणि मला जे कुणी नीट सांगितलं नाही ते निदान त्यांना तरी माहीत असावं.

गाडी ऑल्टो ८००, २०१७ ची, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली, एकसष्ट हजार किलोमीटर झालेली. आत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि सातवीतला पोरगा, आणि डिकी खच्चून भरलेली. डिकी कंपनीच्या हिशोबानं १७७ लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि एक पिशवी टाकली की संपली. गाडी चालवता येते, टायर बदलता येतो, घाटाची सवय आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. हे जमत नसेल तर आधी यवतेश्वर घाट चार वेळा चढून-उतरून या, मग कोकणाचं बघा.

निघायच्या आधी मला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या. पहिली गोष्ट साडूची. तो दोन महिन्यांपूर्वी चिपळूणला जाऊन आलेला, फोनवर म्हणला, "रस्ता काय विचारूच नका, लोण्यासारखा झालाय." दुसरी आमच्या गल्लीतल्यांची, की आठशे सीसीत चार माणसं भरून पोलादपूर-महाबळेश्वरचा आंबेनळी घाट चढायचा म्हणजे खाली उतरून गाडी ढकलावी लागणार. साडूकडं मोठी उंच गाडी आहे, त्या गाडीत खड्डा कळतच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. त्यामुळं आता पहिला सल्ला हाच, की रस्ता कसा आहे हे विचारायचं असेल तर आपल्यासारखीच बारीक चाकाची गाडी असणाऱ्याला विचारा. बाकीच्यांचं मत धरू नका.

पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरनं निघालो. हायवेनं उंब्रज, तिथं उजवीकडं आत वळून मल्हारपेठ, पाटण. उंब्रजला वळलं की तासवडेचा टोल लागत नाही, कराडपर्यंत जायची गरजच नाही. पाटणपर्यंत सगळं छान, पोहे खाल्ले, गाडी गुणगुणत होती.

पाटण सोडलं आणि संगमनगर धक्का या ठिकाणापर्यंत जे काही आहे त्याला मी रस्ता म्हणायला तयार नाही. पंधराएक किलोमीटरला आम्हाला पाऊण तासाच्या वर लागला. एकसारखा खराब असता तर हळूहळू गेलो असतो, पण तो तसा पण नाही. मधेच अर्धा किलोमीटर काँक्रीट, गुळगुळीत, तुम्ही चौथा गिअर टाकता आणि पुढच्या क्षणी काँक्रीट संपतं आणि वीतभर खाली खडी. कुठं एकच बाजू काँक्रीटची झालेली आणि दुसरी उकरलेली, म्हणजे मधे सरळ पायरी, आणि त्या पायरीतनं लोखंडी सळ्या आडव्या बाहेर आलेल्या, पुढची बाजू जोडायला ठेवलेल्या असतात त्या. त्यावर ना पट्टी, ना ड्रम, ना लाल कापडाचं फडकं. दिवसा दिसतात तरी, रात्री काय होत असेल विचार पण करवत नाही.

आता ऑल्टोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, १६० मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि सामान बसलं की गाडी दाबते, हातात किती राहतं तुम्हीच बघा. आणि टायर १४५/८० आर १२, म्हणजे बारा इंची रिमचं चाक. पंधरा-सोळाच्या चाकाला जो खड्डा नुसता झटका देतो त्यात बाराचं चाक अख्खं आत उतरतं. इंजिन कमी पडतंय का याची चर्चा सगळे करतात, चाकाच्या आकाराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि आम्हाला नडलं ते चाकच.

झालं असं की आम्ही काँक्रीटच्या बाजूनं चाललेलो, समोरनं भरलेला डंपर आला, तो काय थांबेना, हॉर्न देत अंगावर. मी डावी चाकं खडीत उतरवली, डंपर गेला, आणि परत वर घेताना स्टिअरिंग कमी वळवलं गेलं, त्यामुळं डावं पुढचं चाक त्या पायरीच्या कडेला तिरकं घासत चढलं. फाट्‌ असा आवाज आणि गाडी डावीकडं बसली. उतरून बघतो तर टायरच्या भिंतीला चीर, माझी दोन बोटं आत जातील एवढी, आतले धागे दिसत होते. चालायच्या भागात खिळा घुसला असता तर ट्यूबलेसला पट्टी मारून काम झालं असतं, भिंतीला चिरलं की तो टायर मेला, त्याला कसलाच इलाज नाही. कुणी आतनं पॅच मारून देतो म्हणलं तरी घाटात त्यावर पोरंबाळं बसवू नका.

स्टेपनी डिकीच्या मॅटखाली असते. म्हणजे सगळं सामान रस्त्यावर काढा, आईला सावलीत बसवा, धुळीत जॅक लावा. चार नट, चाक बसवलं, गाडी खाली घेतली आणि स्टेपनी पण बसली. हवाच नाही. वर्षभर तिच्याकडं बघितलंच नव्हतं. सोबत ठेवलेल्या हवेच्या छोट्या पंपानं पोरानं आणि मी आलटून-पालटून हवा भरली, हात भरून आले. म्हणून सांगतो, निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीची हवा बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर लिहिलंय तेवढी तर पाहिजेच, स्टेपनीत दोन-तीन पॉइंट जास्तच ठेवा. आणि स्टेपनी, जॅक, पाना याच्यावर जड बॅग ठेवू नका, पिशव्या ठेवा, पटकन उचलता येतात.

आता लुटीची गोष्ट. पुढं घाट आणि सोबत स्टेपनी नाही, असं जायची माझी छाती होईना, म्हणून वाटेत एका गावात टायरच्या दुकानात थांबलो. दुकानदारानं आधी ऑम्नीचा टायर आणून दाखवला, म्हणला, "बारा इंचीच हाय की, बसतोय." बसतो, पण तो लोड टायर, म्हणजे जड ओझ्यासाठीचा असतो, भिंत कडक, हवा जास्त लागते, आणि पुढं एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला साधा असं लावलं तर गाडी ओढते. मी नाही म्हणलो. मग आतनं एक काढला, म्हणला हा नवा कोरा, ४,४००. मी म्हणलं जास्त होतात, तर म्हणतो, "चिपळूणपर्यंत बघा जावा, ह्या साइजचा कोण ठेवत न्हाई आता." त्याला माहीत होतं मी अडलोय. वर रबराचे केस होते, काळा चकचकीत होता, मी घेतला. बसवायचे अजून १०० वेगळे घेतले, बिल मागितलं तर पुस्तक संपलंय म्हणला.

काल घरी यायच्या आधी साताऱ्यात अलाइनमेंटला गाडी लावली, चाक काढलं तेव्हा कळलं. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या 'नव्या कोऱ्या' टायरवर होतं ३११६, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. माझी गाडी कारखान्यातनं बाहेर पडायच्या आधीचा टायर! आणि हे चार आकडे बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असतात, त्यानं ती बाजू बरोबर आत करून बसवलेली, म्हणजे बाहेरनं कितीही बघितलं तरी दिसायचं नाही. अलाइनमेंटवाल्या पोरानं बॅटरी मारून दाखवलं, भिंतीत रिमच्या कडेनं केसासारख्या बारीक भेगा पडायला लागलेल्या. साताऱ्यात त्याच कंपनीचा ताजा टायर ३,०५० ला आहे, बसवून. म्हणजे साडेचौदाशे तर गेलेच, पण त्याचं एवढं नाही. त्या टायरवर मी आईला आणि पोराला बसवून तीन घाट केले, याचा मला राग आहे. टायर घेताना, कितीही घाईत असाल तरी, बसवायच्या आधी दोन्ही बाजू फिरवून ते चार आकडे वाचा. आकडे नसलेली बाजू पुढं करत असला तर सरळ उलटा करायला लावा.

कुंभार्ली घाटाबद्दल फार काही नाही. घाटमाथ्यावर भजी आणि चहा घेतला, खाली पोफळीपर्यंत सगळा उतार दुसऱ्या गिअरवर. एकच कळकळीनं सांगतो, पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडू नका. आपल्याकडं हे खूळ फार जुनं आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमधे असताना अॅक्सिलेटर पूर्ण सोडला की इंजिनाला पेट्रोल जायचंच बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की आयडलिंगला पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलवर जास्त जळतं, आणि ब्रेक तापून धार जाते ते वेगळंच. आणि किल्ली बंद करून तर कधीच नाही, ब्रेकला बूस्टरची मदत इंजिनामुळं मिळते, दोन-तीनदा दाबला की पेडल दगड होतं.

गुहागरला दोन दिवस राहिलो. व्याडेश्वर, समुद्र, मासे, झोप. छान गेले.

परतताना पाटणच्या रस्त्याचं नाव काढलं तरी आई नको म्हणायला लागली, म्हणून चिपळूण, खेड, कशेडीचा बोगदा, पोलादपूर आणि तिथनं आंबेनळीनं महाबळेश्वर असं आलो. लांब पडतं, पण चाकाखाली काय येणार याची धास्ती नाही. गल्लीतल्यांचं बोलणं डोक्यात होतंच. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, मधे चाळीसेक किलोमीटर. आठशे म्हणजे खरं ७९६ सीसी, तीन सिलेंडर, ताकद ४८ पीएस, आणि ओढ (टॉर्क) ६९ न्यूटन मीटर ती पण इंजिनाच्या मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर. इथंच सगळी मेख आहे. खालच्या फेऱ्यांवर या इंजिनात काही नाही. तिसऱ्यावर रडत चढवलं की ते मरतं, मग माणूस पॅनिक होऊन पहिला टाकतो, मागचा ट्रक हॉर्न मारतो. या गाडीला आरपीएमचा काटा पण नाही, म्हणून वेगावर हिशोब धरा. दुसऱ्या गिअरवर पस्तीस ते चाळीस, एवढ्यात ठेवली की इंजिन तीन-साडेतीन हजारावर असतं आणि खुशीत चढतं. आवाज मोठा होतो, होऊ द्या, घाबरू नका. एसी बंद. नागमोडी वळणाच्या आधीच दुसरा टाका, वळणात नको. समोरनं एसटी आली तर वळणाच्या खालीच थांबा, तिला जाऊ द्या, मधे अडकून हाफ क्लचवर लोंबकळलात तर क्लच प्लेटचा वास तुमच्या नाकात घरापर्यंत राहील. चढावर थांबलाच तर हँडब्रेक ओढा आणि त्याच्यावरनं उचला.

वाडा कुंभरोशीला एकदा थांबलो, पाच मिनिटं, तेही आईला मळमळत होतं म्हणून. गाडीला गरज नव्हती. वर महाबळेश्वरात पोचलो तेव्हा मला खरंच हातातनं काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं, आई म्हणाली, "चढली की गं बाय!" आणि तिनं डॅशबोर्डवर हात फिरवला. ज्यांना कुणी सांगत असेल की छोटी गाडी आंबेनळी चढत नाही, त्यांनी माझं ऐका, चढते, चार माणसं घेऊन चढते. फक्त पावसाळ्यात नको. जुलै २०२१ च्या पावसात या घाटात दरडी येऊन रस्ता तुटला होता, तो घाट कोरड्या दिवसातच करायचा.

चूक केली ती पुढं. महाबळेश्वरात चहा-कणसात वेळ गेला आणि केळघर घाट अंधारात उतरावा लागला. हेडलाइट पिवळे, समोरच्यांचे पांढरे डोळ्यात, वळणावरची कड दिसेना, मेढ्यापर्यंत माझी मान आखडली. महाबळेश्वर चारच्या आत सोडा, नाहीतर पसरणी घाटानं वाईवरनं हायवेला लागा, लांब पडतं पण रात्री तोच बरा.

ॲव्हरेज विचारणार म्हणून लिहितो. साताऱ्यात टाकी फुल करून निघालो, काल परत त्याच पंपावर, त्याच नळीला, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत. ४१८ किलोमीटर, २२.३ लिटर, म्हणजे पावणेएकोणीसला जरासं कमी. कंपनीचा कागदावरचा आकडा २४.७ आहे, तो चार माणसं आणि तीन घाटात मिळायचा नाही, आणि मला त्याची तक्रार पण नाही.

तो ३११६ चा टायर काल तिथंच काढून टाकला. नवा लावला, स्टेपनीत हवा भरली, रिमची वाकलेली कड ठोकून सरळ केली, अलाइनमेंट केलं. फक्त डावीकडं पुढं अजून खडखड येते आहे, सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडचा बुश असेल असं मिस्त्री म्हणतो, सोमवारी गाडी लिफ्टवर घेणार आहे.