तुम्ही विचारलंत म्हणून : ही खोटी शेकोटी कशाला?

मिशिगनमधल्या नोव्ही गावात आमचं घर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक इलेक्ट्रिक फायरप्लेस आहे. गणपतीला आलेले असोत की हळदीकुंकवाला, कोट ठेवायला त्या खोलीत गेलेला प्रत्येक जण खाली येऊन एकच विचारतो, "अरे, बेसमेंटमध्ये अख्खं घर तापवणारी एवढी गॅसची फर्नेस असताना ही खोटी शेकोटी कशाला?" काही जण "आणि तू तर इंजिनिअर" असं वर जोडतात. पुण्याहून बहीण व्हिडिओ कॉलवर विचारते. आजवर मी "असंच, शोभेला" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगून टाकतो.

आधी पैशांचं बोलू, कारण तुम्ही तेच काढणार. फायरप्लेसमधला हीटर 1500 वॉटचा, म्हणजे तासाला दीड युनिट. इथल्या 120 व्होल्टच्या साध्या आउटलेटवर याहून मोठा घरगुती हीटर मिळतच नाही. त्यामुळे तीस डॉलरचा डबा घ्या की चारशे डॉलरची लाकडी चौकटीची फायरप्लेस, ऊब तेवढीच : ताशी साधारण 5100 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक). आमची फर्नेस 80,000 बीटीयूची आहे. गॅसचं बिल थर्ममध्ये येतं. एक थर्म गॅसमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढीच विजेतून काढायला 29.3 युनिट लागतात. माझ्या बिलात युनिट अठरा सेंटच्या आसपास पडतं आणि थर्म डॉलरच्या आसपास. फर्नेसच्या धुरातून थोडं वाया जातं ते धरूनही विजेची ऊब चौपटीहून महाग. "एकच खोली तापवा, बाकी घराचा थर्मोस्टॅट खाली आणा आणि बचत करा" असं खोक्यावर छापलेलं असतं. तेही एक अख्खा जानेवारी करून पाहिलं. गॅसचे पंधरा-वीस डॉलर वाचले, विजेचे चाळीस गेले. नाही वाचत पैसे. झालं समाधान?

पण ती खोली गॅरेजवर आहे. ज्यांची अशी खोली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खाली न तापवलेलं गॅरेज, तीन बाजूंना बाहेरची भिंत, आणि फर्नेसची गरम हवा आणणारा सगळ्यात लांबचा डक्ट. व्हेंटवर हात ठेवला तर उबदार फुंकर लागते, बस. थर्मोस्टॅट खालच्या पॅसेजमध्ये, तिथे सत्तर फॅरेनहाइट झालं की तो फर्नेस बंद करून मोकळा. (म्हणून ज्यांनी फायरप्लेस दिवाणखान्यात टीव्हीखाली लावली आहे आणि थर्मोस्टॅटही तिथेच आहे, त्यांच्या मुलांच्या खोल्या का गारठतात ते त्यांनीच ओळखावं. खालचा गारवा गेला की फर्नेस थांबते आणि वर कुणी नाही विचारत.)

2018 साली आई गेली आणि त्या हिवाळ्यात अण्णा, माझे वडील, आमच्याकडे आले. अण्णा कराडचे, सगळी नोकरी वीज बोर्डात लाइनमन म्हणून. चेक-इनच्या बॅगेत टेस्टर घेऊन आलेला माणूस. पाहुण्यांची खोली हीच. साधा हीटर आणायचा तर त्याच्यापासून तीन फुटांत अंथरूण-पांघरूण नको, आणि अण्णांची गोधडी रात्री जमिनीवर लोळणार हे मला माहीत होतं. फायरप्लेसचा पंखा वरून गरम हवा फेकतो, काच हात लावण्याजोगी राहते. हे माझं कारण होतं, आणि ते चांगलं कारण होतं असं मला अजून वाटतं. शिवाय त्यांना संध्याकाळी समोर बघायला काहीतरी असावं, एवढंही मनात होतं. आत खरं तर काहीच नसतं. चकचकीत पट्ट्या लावलेली एक सळई मोटरवर गरगरत असते, तिच्यावर एलईडीचा उजेड पडतो आणि पडद्यावर ज्वाळा हलतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी मागचं झाकण उघडून ते पाहिलं आणि म्हणाले, "जत्रेतली आयडिया आहे."

30 जानेवारी 2019. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना तो दिवस आठवेल. पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाकडची गोठवणारी हवा खाली उतरलेली, बाहेर शून्य फॅरेनहाइटच्या खाली, आणि त्यातच आमच्याकडे गॅस पुरवणाऱ्या, मॅकोम्ब काउंटीतल्या कम्प्रेसर केंद्राला आग. रात्री सगळ्यांचे फोन एकदम कोकलले : शुक्रवारी दुपारपर्यंत थर्मोस्टॅट 65 किंवा त्याखाली ठेवा. मी खाली 65 केलं आणि अण्णांना सांगायला वर गेलो, की आता फर्नेस कमी चालणार, तुमचा हीटर जरा वाढवा.

दार उघडलं तर दिवा बंद, ज्वाळा चालू. समोर खुर्चीत अण्णा, स्वेटरवर माझं जुनं जॅकेट, कानटोपी, पाय गोधडीत. खोलीत बाहेरच्यासारखा गारठा. टेबलावरच्या घड्याळात तापमान दिसतं, ते 54 फॅरेनहाइट, म्हणजे जेमतेम बारा सेल्सिअस, दाखवत होतं. मी फायरप्लेसच्या जाळीपुढे हात धरला. वारा नाही, काही नाही. रिमोटवर ज्वाळांचं बटण वेगळं आणि हीटचं वेगळं, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

"अण्णा, हीट कधीपासून बंद आहे?"

"चालूच कुठे केलीय?"

"म्हणजे इतके दिवस..."

"तासाला दीड युनिट. रात्रीची बारा. कराडला मला हे चार दिवस पुरतं." मग काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे नुसतं पंधरा-वीस वॉटचं आहे. एवढं परवडतं."

माझा आवाज चढला. कुणाला परवडतं, असं विचारलं. माझ्या घरात तुम्ही कुडकुडत बसणार, लोक काय म्हणतील, हेही बोललो. त्यावर ते म्हणाले, "एवढ्या थंडीत कोण बघायला येतंय?" खाली धाकटी उठून रडायला लागली. बायको जिन्यात येऊन उभी राहिली, ते पाहून माझा आवाज आणखीच चढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात वीज पोचवली आणि स्वतः अंधारात बसायची हौस, असंही काहीतरी. सगळं लिहीत नाही.

सगळं ऐकून घेऊन ते उठले. "आता हीट लाव," म्हणाले. लावली. दहा मिनिटं दोघंही काही न बोलता उभे. मग त्यांनी माझा हात धरून पालथा केला आणि भिंतीतल्या प्लगवर टेकवला. चटका नव्हता, पण हात ठेववेना.

"पहिल्या दिवशी तासभर चालवून पाहिली. जोड सैल आहे आत. लोडने काही होत नाही, लूज कनेक्शनने आग लागते."

"मग सांगितलं का नाही?"

"हौसेनं आणलीस."

त्या रात्री ते खाली सोफ्यावर झोपले. सकाळी ब्रेकर पाडून, टेस्टरने बघून त्यांनी आउटलेट बाहेर काढलं. घर बांधणाऱ्याने तारा स्क्रूखाली न आवळता मागच्या भोकांत नुसत्या खुपसल्या होत्या, आणि एका तारेचं पांढरं आवरण तपकिरी पडलं होतं. साडेबारा अँपिअर तासन्‌तास त्या स्प्रिंगच्या चिमट्यातून जाणार होते. नवं आउटलेट आणलं, तारा स्क्रूखाली आवळल्या, प्लग नुसता कोमट राहायला लागला. आणि हो, तुमच्यापैकी ज्यांनी आपला हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावलाय, त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी तो काढा, मग मला हिशेब शिकवा.

आता तुम्ही म्हणाल, प्लगमुळेच बंद ठेवली होती तर मग. नाही ना. दुरुस्तीनंतरही ते 750 वॉटवरच चालवायचे, तेही जेवण झाल्यावर थोडा वेळ, आणि कॅलेंडरवर पेन्सिलने युनिटं मांडून ठेवायचे. त्यांना खरंच पैसे वाचवायचे होते, की प्लगची भीती होती, की मुलाच्या घरी कशालाही 'लाव' म्हणायचा संकोच, हे मला आजही सांगता येत नाही. गेल्या वर्षी फोनवर सरळ विचारलं. म्हणाले, "मला थंडी वाजतच नव्हती." मग कानटोपी? "सवय."

तेव्हाचा मी अजूनही म्हणतो, की माणसाने बोलावं, थंडी वाजत असेल तर सांगावं, त्यात कसला मान. मला ते पटतं. आणि तरी 54 अंशांत खोट्या ज्वाळांपुढे बसलेल्या माणसाला शांतपणे काय म्हणायला हवं होतं, हे काही मला सुचलेलं नाही.

आता अण्णा हिवाळ्यात येत नाहीत, जूनमध्ये येतात. त्या खोलीत थोरली अभ्यास करते आणि हीट बिनधास्त लावते. बहिणीचं म्हणणं, ते धूड विकून मिनी-स्प्लिट हीट पंप (भिंतीवरच्या एसीसारखा) बसव. तिचं तांत्रिक म्हणणं बरोबर आहे : हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे दोन-तीन युनिटांची ऊब मिळते, कडाक्याच्या थंडीत कमी. दुसरा मार्ग, गॅरेजचं छत उघडून इन्सुलेशन भरणं. दोन्हींची कोटेशनं आणली, दोन्ही हजारांत. फायरप्लेसमधली सळई आता कुईंकुईं वाजते, ती काढून टाकायला हरकत नाही असं बायकोही म्हणते. मी हो म्हणत नाही आणि का नाही ते मला धड मांडता येत नाही.

हीट पंपाच्या कोटेशनचा फोटो अण्णांना पाठवला होता. किंमत सोडून त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "ब्रेकर किती अँपिअरचा, आणि वायर कुठून नेणार?"