नातू 'जवळचा नातेवाईक' नसतो

अमेरिकी नौदलातल्या आजोबांच्या सेवेची फाइल मागवताना नातवाने 'नेक्स्ट ऑफ किन'च्या चौकटीत खूण करू नये. आमचे आठ महिने त्या एका खुणेने खाल्ले.

आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात 'यूएसएस नॉर्थ कॅरोलायना'वर मशिनिस्ट्स मेट, म्हणजे इंजिनं सांभाळणारे खलाशी, होते. ती युद्धनौका आता नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टनला संग्रहालय म्हणून उभी आहे. पतवंडांना तिथे न्यायचं, पण हातात कागद घेऊन, एवढंच ठरलं होतं.

अशी फाइल मागवायच्या सरकारी एसएफ-१८० फॉर्मवर 'नेक्स्ट ऑफ किन' (जवळचा नातेवाईक) या चौकटीत पुनर्विवाह न केलेली विधवा, आईवडील, मुलं आणि भावंडंच बसतात. अर्ज परत आला: मुलाची सही आणि मृत्यूचा दाखला जोडा. सासरे तर हयात नाहीत. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर. फोनवर एका बाईंनी '१९७३च्या आगीत जळलं असेल', म्हणजे सेंट लुईसच्या लष्करी अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत, म्हणून हात झटकले. त्या आगीत भूदलाच्या आणि हवाई दलाच्या फायली गेल्या, नौदलाच्या नव्हेत! असं कुणी सांगितलं तर फोन ठेवू नका.

मुळात सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांना खुली होते. १९४५ला सुटलेल्याची २००७लाच झाली. मग नातं सिद्ध करायला नको, फक्त फी भरायची. पाच पानांपर्यंत २५ डॉलर, त्यापुढे ७०. आम्हाला ७० पडले.

आणि हो, सोशल सिक्युरिटी नंबर नव्हे, सर्व्हिस नंबर, म्हणजे नौदलाने दिलेला क्रमांक, लिहा. तो तिमाही मस्टर रोलमध्ये (बोटीवरच्या खलाशांच्या हजेरीपटात) सापडतो, बोटीवर दाखल झाल्याच्या तारखेसकट. आम्ही हे शेवटी केलं, तुम्ही आधी करा. डेक लॉगच्या (बोटीच्या रोजच्या नोंदवहीच्या) मागे लागू नका, त्यात साध्या खलाशांची नावं क्वचितच येतात.

आजोबा मे १९४२मध्ये दाखल झाले आणि सप्टेंबरअखेरच्या रोलमध्येही आहेत. म्हणजे १५ सप्टेंबरला जपानी आय-१९ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ३२ बाय १८ फुटांचं भगदाड पाडलं, पाच जण गेले, तेव्हा ते बोटीवरच होते.

ते कुठल्या यंत्रकक्षात होते हे मात्र रोल सांगत नाही. तसे कक्ष चार, प्रत्येकात दोन बॉयलर आणि एक टर्बाइन संच. तेव्हा 'हेच पणजोबांचं इंजिन' असं मुलांना ठोकून देऊ नका. उन्हाळ्यात खाली भयंकर उकडतं, सकाळीच जा. शिड्या खड्या आहेत, उतरताना तोंड शिडीकडे ठेवा.