सबस्क्रिप्शन चालू ठेवू की बंद करू

आज शेअर्सचा अभ्यास करायच्या रिसर्च टूलच्या रिन्यूअलचा मेसेज आला, वर्षाचे जवळपास पाच हजार. मागच्या वर्षी फार विचार न करता भरले होते, यंदा वही घेऊन बसलो.

माझे शेअर्समध्ये सगळे मिळून दीड लाख. त्यावर पाच हजार म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे एफडीत 7 टक्के मिळतात असं धरलं तरी नुसतं तिच्या बरोबरीला यायला मला 10 टक्क्यांच्या वर कमवावं लागणार. इंडेक्स फंड म्हणजे निफ्टीसारख्या यादीतले सगळे शेअर घेणारा फंड, त्याच्या डायरेक्ट (एजंटशिवायच्या) प्लॅनला वर्षाचा खर्च साधारण 0.2 टक्के, दीड लाखावर तीनशे रुपये. वरून शेअर वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के टॅक्स, आणि त्यातून सबस्क्रिप्शनचा खर्च वजा होत नाही. दहा-पंधरा लाख असते तर हा हिशोब केलाच नसता.

पण टूल अगदीच फालतू आहे असंही नाही. एका कंपनीचा नफा दरवर्षी वाढताना दिसत होता, दहा वर्षांचा कॅश फ्लो (खरा पैसा किती आला-गेला) एका पानावर बघितला तर धंद्यातून पैसा येतच नव्हता, सगळी उधारी. दोन मिनिटात कळलं, अॅन्युअल रिपोर्ट चाळत बसलो असतो तर अख्खी संध्याकाळ गेली असती. पण हे पान फुकटवाल्या व्हर्जनमध्येही दिसतं ना! मूळ आकडे तर बीएसई-एनएसईच्या साईटवर सगळ्यांना मोकळेच, तिमाही निकाल 45 दिवसांत (वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे 60) यावेच लागतात. पैसे जातात ते कंपन्या गाळून देणारा फिल्टर, अलर्ट आणि आकडे एक्सेलमध्ये उतरवण्याचे. फिल्टर लावला की चाळीस नावं येतात, वाचायला मलाच बसावं लागतं, आणि भुसावळच्या अपडाऊनमध्ये कुठलं वाचणं होतंय.

डब्यातला अमळनेरचा एकजण म्हणे, भो, आमच्या गावात विप्रो घेतला तेव्हा कोणी टूल लावलं होतं? खरंय, कंपनी 1945 ला तिथंच निघाली, वनस्पती तूप करायची, गावातल्यांनी शेअर घेतले आणि कितीतरी जणांनी विकलेच नाहीत, बोनस-स्प्लिटनं (फुकट मिळालेले आणि तुकडे होऊन वाढलेले) शेअर वाढत वाढत काही घरं करोडपती झाली. पण ज्यांच्या कपाटात दुसऱ्या कुठल्या कंपनीचे कागद रद्दी झाले त्यांचं कोण सांगतं डब्यात? म्हणून मला ते उदाहरण पटत नाही, ना टूलच्या बाजूनं ना विरोधात.

तर ऑटोपे बंद केला. सात कंपन्या आहेत माझ्याकडे, तेवढ्या फुकटात बघून होतात, पाच हजार इंडेक्स फंडात टाकीन. एकच अडचण, प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकानं, कर्जासाठी शेअर गहाण टाकले की अलर्ट यायचा तो आता येणार नाही. शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आणि किती गहाण याचा तक्ता, तिमाही संपल्यावर 21 दिवसांत लागतो, तो उघडून बघायचं रिमाइंडर मोबाईलमध्ये लावलंय.