न्यू जर्सीत गव्हर्नरसाठी मतदान : जून ते नोव्हेंबर

न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्या वर्षी येते. गाजावाजा कमी असतो, म्हणून आपल्या लोकांत तिची चर्चाही कमी होते. 2017 मध्ये तर नोंदणीकृत मतदारांपैकी चाळीस टक्क्यांनीसुद्धा मतदान केलं नव्हतं. मला नागरिकत्व मिळालं ते 2024 ची अध्यक्षीय निवडणूक उरकल्यावर. त्यामुळे 2025 ची गव्हर्नरची निवडणूक हे माझं इथलं पहिलं मतदान ठरलं, आणि ते मी अगदी मनापासून केलं.

साताऱ्यात मी विधानसभेला मत द्यायचे, राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करायचे. इथे गव्हर्नरला लोकच निवडतात आणि राज्याचा कारभार खरोखर त्याच्या हातात असतो. ॲटर्नी जनरल, काउंटीचे (म्हणजे इथल्या जिल्ह्याचे) सरकारी वकील, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश या सगळ्यांची नावं तोच सुचवतो आणि राज्याची सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, त्यांना मंजुरी देते. अर्थसंकल्पातली एखादी तरतूद तो एकट्याच्या सहीने खोडू शकतो. वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे सदस्यही तोच नेमतो. 2025 च्या जूनमध्ये आमच्याकडे विजेचं बिल 17 ते 20 टक्क्यांनी वाढलं. त्याच्या आधी मे महिन्यात एनजे ट्रान्झिट या राज्याच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या इंजिनचालकांचा संप झाला आणि न्यूयॉर्कला कामावर जाणाऱ्यांचे हाल झाले. या दोन्ही गोष्टींचा विचार करूनच मला मत द्यायचं होतं.

नोंदणी सोपी आहे. नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर फॉर्म हातात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक दिला की ओळख तिथेच पडताळली जाते. त्या फॉर्मवर पक्षाचा एक रकाना असतो. तो मी मोकळा ठेवला, कारण उमेदवारांबद्दल वाचून मग ठरवायचं होतं. पक्ष न निवडलेल्या मतदाराला प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, दिवशी मतदान केंद्रावरही पक्ष सांगता येतो. मात्र एकदा कुठल्या पक्षात नाव असलं, की बदलासाठी प्रायमरीच्या 55 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.

माझ्या मते खरी निवड जूनमधल्या प्रायमरीतच होते. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या सलग दोन मुदती पूर्ण होत असल्यामुळे त्यांना उभं राहता येत नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा जण रिंगणात होते : खासदार मिकी शेरिल, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलोप, खासदार जॉश गॉटहायमर, शिक्षक संघटनेचे शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. रिपब्लिकन बाजूला पाच जण होते.

मतपत्रिकाही नव्या पद्धतीची होती. पूर्वी बहुतेक काउंट्यांत पक्षाच्या स्थानिक नेत्यांनी पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एकाच रांगेत छापायचे आणि बाकीच्यांना कुठल्या तरी कोपऱ्यात ढकलायचे. 2024 मध्ये अमेरिकी सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट अँडी किम यांनी याविरुद्ध दावा लावला आणि न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. पुढे कायदाही बदलला. म्हणून 10 जूनला मला गव्हर्नरपदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत, सारख्या मानाने दिसले. हा बदल ज्यांनी घडवून आणला त्यांचे मी मनापासून आभार मानते. नवख्या मतदाराला कोणीतरी आधीच निवडून ठेवलेली रांग पुढे करणं अन्यायाचंच होतं. टेबलावरच्या बाईंनी कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते विचारलं, मी डेमोक्रॅटिक म्हटलं, सही केली आणि मतदान केलं. शेरिल साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या. एवढ्या मतांवर उमेदवारी ठरत असेल, तर घरी बसणाऱ्यांनी किती मोठी संधी सोडली याचा विचार करावा.

नोव्हेंबरसाठी मी पोस्टाने मत द्यायचं ठरवलं आणि काउंटी क्लर्ककडे अर्ज केला. पाकीट आल्यावर सूचनेचा कागद आधी शांतपणे वाचावा. मतपत्रिका आतल्या पाकिटात जाते. त्या पाकिटाला एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते, तिच्यावर सही करायची आणि ती मुळीच फाडायची नाही. मग हे सगळं बाहेरच्या पाकिटात घालायचं. सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात, म्हणून मी घाईत करते तशी न करता फॉर्मवर केली होती तशीच पूर्ण केली. जुळली नाही तर पत्र येतं आणि दुरुस्तीची संधी मिळते. नवऱ्याचं पाकीटही मीच नेणार होते. दुसऱ्याचं पाकीट नेणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव, पत्ता आणि सही देणं बंधनकारक आहे, तो रकाना आम्ही घरीच भरला. पाकिटं काउंटीच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकली आणि पुढचा प्रवास ऑनलाइन पाहिला. मत स्वीकारल्याची नोंद दिसली तेव्हा फार समाधान वाटलं.

त्याच मतपत्रिकेवर राज्याच्या असेंब्लीचेही (कनिष्ठ सभागृहाचेही) उमेदवार होते, कारण 80 च्या 80 जागांची निवडणूक होती. ती नावं आधी वाचून ठेवावीत. नमुना मतपत्रिका घरी येते, ती त्यासाठीच असते.

4 नोव्हेंबरला शेरिल यांनी रिपब्लिकन जॅक चिटरेली यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्यानंतर न्यू जर्सीच्या त्या दुसऱ्या महिला गव्हर्नर.

आता ज्यांना पोस्टाने मत द्यायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. एकदा अर्ज केला की पुढच्या निवडणुकांनाही मतपत्रिका घरी येत राहते. असं नाव असताना केंद्रावर गेलात तर नेहमीच्या यंत्रावर मत देता येत नाही, तात्पुरती मतपत्रिका भरावी लागते आणि ती पडताळणीनंतरच मोजतात. केंद्रावरच जायचं असेल तर काउंटी क्लर्कला आधी लेखी कळवून यादीतून नाव काढून घ्या.