पहिले आठ बाइट

चढवलेल्या चित्राचे थंबनेल करून देणारा एक छोटा भाग मी नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत, लिहिला होता. चित्र लहान करण्याचे काम इमेजमॅजिक या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे होते, आणि त्याने स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचा निकाल जिथे बाहेर पडतो तिथे) टाकलेली पीएनजी चित्रफाइल उचलून ब्राउझरकडे पाठवणे एवढेच माझ्या कोडकडे. टर्मिनलवर तीच कमांड चालवली की सुमारे ४० केबीचे नीट उघडणारे चित्र मिळे. सर्व्हरकडून मात्र ७० केबीहून मोठी, कशातच न उघडणारी फाइल येई. एरर कुठेही नव्हती. इमेजमॅजिकच्या पर्यायांशी बराच वेळ केलेली झटापट वाया गेली, कारण दोष त्याचा नव्हताच.

अखेर फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारी ‘ओडी’ ही कमांड वापरून दोन्ही फाइलींचे सुरुवातीचे बाइट छापले आणि एकाखाली एक ठेवले. पीएनजी फाइल नेहमी १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १० या आठ बाइटांनी सुरू होते. माझी फाइल २३९ १९१ १८९ ८० ७८ ७१ अशी सुरू होत होती. एका बाइटाच्या जागी तीन आले होते, आणि तेच त्रिकूट पुढे हजारो ठिकाणी दिसत होते. वाचता न आलेल्या अक्षराऐवजी स्क्रीनवर जी प्रश्नचिन्हाची चौकट दिसते, तिचेच हे यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची प्रचलित पद्धत) मधले रूप. दुसरा प्रोग्रॅम चालवणारे नोडचे ‘एक्झेक’ हे फंक्शन मी वापरले होते; वेगळे काही सांगितले नाही तर ते आउटपुटला यूटीएफ-८ मजकूर समजते, आणि १३७ या बाइटाने यूटीएफ-८मध्ये कोणतेच अक्षर सुरू होऊ शकत नसल्याने तिथे चौकट बसवते. वेगवेगळे बाइट एकाच चौकटीत जमा झाल्यावर मूळ चित्र परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

गंमत म्हणजे त्या आठ बाइटांची निवडच अशा अपघातांसाठी केलेली आहे. आठवा बिट कापणाऱ्या वाहिनीत १३७ बिघडतो. ओळीचा शेवट बदलणारा प्रोग्रॅम मध्ये आला तर १३ १० ही जोडी किंवा शेवटचा १० बदलतो. २६ हे डॉसमधील फाइल संपल्याचे चिन्ह.

दुरुस्ती एका ओळीची होती: एन्कोडिंग म्हणून ‘बफर’ देणे, म्हणजे आउटपुट मजकूर न समजता कच्चे बाइट म्हणून घेणे. तरीही मी ‘एक्झेक’ सोडून आउटपुट जसजसे येईल तसे देणाऱ्या ‘स्पॉन’कडे वळलो, कारण ‘एक्झेक’ सगळे आउटपुट मेमरीत साठवते आणि सध्याच्या नोडमध्ये ते १ एमबीच्या पुढे गेले की प्रोसेस मारून टाकते. शिवाय ‘स्पॉन’ला आर्ग्युमेंट सुटी देता येतात, मध्ये शेल (कमांडची ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम) येत नाही, त्यामुळे फाइलीच्या नावातल्या अर्धविरामाची कमांड होण्याची भीती राहत नाही.

पायथन भाषेत हेच काम करणारे ‘सबप्रोसेस’ मजकूर मागितल्याशिवाय बाइटच देते, म्हणून तिथे हा घोटाळा सहसा होत नाही. तिथला सापळा निराळा आहे. आधी सगळे इनपुट लिहायचे आणि मग आउटपुट वाचायचे, हा सरळ वाटणारा क्रम लहान फाइलींवर बिनबोभाट चालतो. पण दोन प्रोग्रॅममध्ये बाइट वाहून नेणाऱ्या पाइपची क्षमता लिनक्सवर सहसा ६४ केबी असते. फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपसारखा प्रोग्रॅम वाचता वाचताच लिहू लागतो, त्याचा आउटपुट पाइप भरला की तो थांबतो, मग इनपुटचा पाइप तुंबतो, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. सगळे चित्र वाचून झाल्यावरच लिहिणारा प्रोग्रॅम असेल तर हीच चूक कित्येक महिने लपून राहू शकते. ‘सबप्रोसेस’मधले ‘कम्युनिकेट’ दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळते. स्टँडर्ड एररचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या सूचना आणि तक्रारींचा, पाइपही रिकामा करावा लागतो. व्हिडिओचे रूपांतर करणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम आपल्या प्रगतीची बडबड तिथेच करत असतो.

एमपी४ या व्हिडिओ फाइलीची गोष्ट आणखी वेगळी. ती लिहिताना एफएफएमपेगला मागे जाऊन आधीचे बाइट बदलावे लागतात, आणि पाइपमध्ये मागे जाता येत नाही. तुकड्यातुकड्यांची एमपी४ हा एक उपाय आहे, पण मला टेम्पररी फाइलच बरी वाटते, तिला कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम देतो तो आकडा) शून्य, म्हणजे काम नीट झाल्याची खूण, आला तरच मी त्या फाइलीला तिचे खरे नाव देतो. नाहीतर अर्धवट व्हिडिओ पूर्ण समजून पुढे पाठवला जातो.