वाचलंस की पळालीस?

चर्चमध्ये पहिल्यांदा शास्त्रवाचन केलं, म्हणजे मंडळीसमोर बायबलमधला उतारा वाचला, तेव्हा उतारा बारा वचनांचा होता आणि मी तो एका दमात संपवला. अगदी शब्दशः एका दमात. व्यासपीठाच्या पायरीवर घेतलेला श्वास मी बाकावर परत येऊनच सोडला. उपासना सुटल्यावर दाराशी एका आजींनी मनगट धरलं. त्या कायम शेवटच्या बाकावर बसतात, एका कानानं कमी ऐकतात, आणि मंडळीतल्या प्रत्येकाच्या उच्चारांवर त्यांचा पहारा असतो.

"काय गं, वाचलंस की पळालीस?"

बोलायला घाबरणाऱ्यांना चर्चमध्ये निदान सोबत तरी थोर मिळते. बायबलमधला मोशे जळत्या झुडपासमोर प्रत्यक्ष देवाशी हुज्जत घालतो, की मी जिभेचा जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. यिर्मया संदेष्टा लहान वयाची सबब सांगतो. प्रेषित पौलाबद्दल करिंथच्या मंडळीत कुजबुज होती की पत्रं वजनदार, पण माणूस समोर उभा राहिला की बोलण्यात काही दम नाही. ही कुजबुज त्यानं स्वतःच पत्रात लिहून ठेवली आहे, म्हणजे लागली असणार. मोशेचं काम निभावलं, कारण त्याच्यातर्फे बोलायला भाऊ अहरोन मिळाला. मला तसं कोणी मिळालं नाही आणि पुढच्या महिन्याच्या वाचकांच्या यादीत माझं नाव पुन्हा होतं.

तेव्हापासून मी चर्चमधल्या बोलण्याकडे नीट कान देऊ लागले. सार्वजनिक प्रार्थना मला सगळ्यांत सोपी वाटते, कारण जगात हे एकच भाषण असं की श्रोते आपण होऊन डोळे मिटून घेतात. अडचण फक्त शब्द सुचण्याची. ती 'प्रभू'वर भागवली जाते. "हे प्रभू, आम्ही प्रभू, आज तुझ्यापुढे प्रभू..." असं म्हणताना प्रभू स्वल्पविरामाच्या जागी उभा असतो आणि बिचारा तक्रारही करत नाही. सूचना देणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. "फक्त दोनच सूचना आहेत" या वाक्यानंतर मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं आहे. प्रवचन तर माझ्या वाट्याला येणारच नाही. तिथे बायबलमधला त्रोवस शहरातला युतुख आठवतो. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या या पोराला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचललं तेव्हा तो मेलेला होता. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जिवंत झाला. त्यानंतर पौल वर गेला आणि उजाडेपर्यंत बोलला. लांबलेल्या प्रवचनाला याहून मोठा आधार कुठला?

राहता राहिलं वाचन. ते सोपं दिसतं, कारण शब्द समोर छापलेले असतात. पण तिथे पहिला शत्रू माइक. आपल्या भाषेत 'प', 'फ', 'भ' म्हणताना ओठ मिटतात आणि उघडताना हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. आता चर्चमध्ये काय म्हणायचं असतं? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन फटाके, एकामागून एक. भर म्हणून प्रभू, पाप, पश्चात्ताप. जणू आपली सगळी धर्मशिकवण त्या माइकच्या छळासाठी रचली आहे. उपाय साधा निघाला: माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवायचा. हे मला कोणी सांगितलं नाही. एका रविवारी 'पवित्र' म्हटल्यावर पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ दचकून रडलं, तेव्हा कळलं.

दुसरा शत्रू म्हणजे ती वास्तूच. उंच छत, दगडी भिंती. बोललेला शब्द भिंतींवर आपटून परत येतो आणि विरायला वेळ घेतो, तेवढ्यात पुढचा शब्द त्याच्या अंगावर पडतो. भरभर वाचणाऱ्याचं वाक्य मागच्या बाकांपर्यंत पोचतं ते नुसत्या गुरगुरण्यासारखं. जुन्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या डोक्यावर लाकडी छत्रासारखं काहीतरी दिसतं. मी ते बरीच वर्षं शोभेचं समजत होते. ते आवाज वर हरवू न देता माणसांकडे वळवण्यासाठी असतं.

आणि नावं! ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आठवड्यांत मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ ज्याच्या वाट्याला येते त्याची मला दया येते. अम्मीनादाब, नहशोन, यहोशाफाट, शल्तीएल, जरूब्बाबेल. यावर मंडळीतल्या जाणत्यांचा सल्ला असा, की ठणकावून म्हण, चुकलं तरी कोणाला कळतंय. मला हा सल्ला पटत नाही. आदल्या दिवशी चारदा मोठ्यानं म्हटलं तर जरूब्बाबेलही वळणावर येतो. आणि शेवटच्या बाकावर आजी असतात.

मला खरं शिकवलं ते बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायानं. यरुशलेमेत एज्रा शास्त्री मोशेचं नियमशास्त्र लोकांपुढे वाचायला उभा राहतो. त्यासाठी मुद्दाम लाकडी मंच केलेला आहे, उजव्या हाताला सहा जण, डाव्या हाताला सात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं. आणि लेवी लोक, म्हणजे मंदिराचे सेवक, काय करतात? स्पष्ट वाचतात, अर्थ सांगतात, लोकांना समजावतात. लोक रडू लागतात. एज्राचा आवाज कसा होता याबद्दल तिथे अक्षर नाही. लोकांना कळलं, एवढंच नोंदवलेलं आहे. हे वाचलं आणि माझी चूक उमगली. मी आतापर्यंत माझ्या आवाजाची, थरथरत्या गुडघ्यांची, ओढणीची काळजी करत होते. ऐकणाऱ्याचा विचारच केला नव्हता. माझ्यासमोर पान असतं, त्याच्यापुढे नसतं. डोळा चुकला तर मागची ओळ पुन्हा बघतो. कानाला मागचं पान उलटता येत नाही.

मग मी उताऱ्याची झेरॉक्स काढून पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारू लागले. एक रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन म्हणजे पूर्ण. रेघा कुठे माराव्यात हे ठरवताना उतारा इतक्या वेळा वाचावा लागतो, की भीतीला फारशी जागा उरत नाही.

गेल्या महिन्यात नाथान संदेष्टा आणि दावीद राजाचा उतारा आला. दावीदानं दुसऱ्याची बायको बळकावलेली असते, आणि नाथान त्याला एक गोष्ट सांगतो. श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्या पेल्यातून पिणारी, त्याच्या उराशी निजणारी. घरी पाहुणा येतो आणि श्रीमंत त्या गरिबाची मेंढी कापतो. ऐकून दावीद भडकतो, असल्या माणसाला मरणच योग्य म्हणतो. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. या वाक्याआधी मी दोन रेघा मारल्या होत्या. मग तिसरी मारली. घरी आठवडाभर 'तूच'मधल्या 'च'वर किती जोर द्यायचा याचा सराव केला. जास्त दिला तर भांडण वाटतं, कमी दिला तर पत्ता विचारल्यासारखं.

त्या रविवारी दावीदाचा संताप वाचून झाला आणि मी थांबले. पंखा ऐकू येत होता. कोणीतरी खोकायचं होतं तेही खोकलं नाही. पाळकसाहेबांनी खुर्चीतून मान वर केली. मग मी ते वाक्य म्हटलं, हळूच, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत गेल्याचं मला दिसलं.

दाराशी आजींनी पुन्हा मनगट धरलं.

"आज छान वाचलंस गं. पण मध्येच काय झालं? पानं चिकटली होती का?"

"हो आजी," मी म्हटलं.