पावलागणिक एक नमान

"नखां कापलंस काय गो?" आबांनी कुंपणापलीकडून विचारले. देवाचे काही नाही, नवसाचे काही नाही, थेट नखे. आबा आमचे शेजारी, गळ्यात तुळशीची माळ, आळंदी ते पंढरपूर सात-आठ वेळा चाललेले. मी सावंतवाडीहून जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) चालत जाणार हे कळल्यापासून त्यांची रोज एक सूचना असायची. मोजे दोन घाल, एकावर एक. चप्पल नवी नको. फोड आला तर फोडू नको. "तुमचो सायब काय नि आमचो इठोबा काय, जोडो चावलो की दोघांकडेय इलाज नाय."

त्यांना माझी २०२३ ची गोष्ट माहीत होती. त्या वर्षी मी म्हापशाहून एसटीने परत आले होते. वाटेत टाचेला फोड आला. आमच्यातल्या एका मावशीने सुई घेतली आणि हळदीचा दोरा त्यातून ओवून दिला, पाणी निघून जाते म्हणून. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी बाई, सुईला कशाला घाबरू? धारगळला टाच गरम लागू लागली. म्हापशाला पोचेपर्यंत पाय चपलेत मावेना. घरी आल्यावर दहा दिवस गोळ्या आणि पट्टी. सांत्वनाला आलेल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "सायबाने बोलावले नव्हते गं तुला." मला भयंकर राग आला. बोलावणे होते. टाच नव्हती.

आता नवस कसला ते सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सकाळी दात घासताना ह्यांच्या हातातून ब्रश पडला, पाठोपाठ हे पडले. वय बावन्न, छोटा टेम्पो चालवायचे. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे, तिन्ही एका सकाळी गेले. पाय वर्षभरात बराचसा परत आला, हात थोडा. बोलणे नाही. समजायचे सगळे, पण पाणी हवे असले की तोंडातून "चावी" यायचे. मग स्वतःचाच शब्द ऐकून डोळे भरायचे. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणाले. टेम्पोचे हप्ते चालू होते. शेवटी टेम्पो विकला, तरी कर्ज उरलेच. मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ब्लाउज शिवायची.

आमच्या घरी रोज रात्री आठ वाजता तेर्स असतो, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. आजारपणात तीन आठवडे तो बंद होता. एका संध्याकाळी मुलीने पुन्हा सुरू केला. "नमान मोरिये" एवढे, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेचे पहिले दोन शब्द, तिने म्हटले आणि खाटेवरून आवाज आला, "कुर्पेन भरलेले..." आणि पुढे पूर्ण, एकही शब्द न अडखळता. माझ्या हातातून जपमाळ पडली. शेजारपाजारचे धावत आले. चमत्कार झाला म्हणून मी रडले. प्रार्थना संपली, मी विचारले, माझे नाव सांगा. हे बघत राहिले. "चावी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोलणे शिकवणाऱ्या मॅडमना सांगितले तर त्या अजिबात दचकल्या नाहीत. अशा रुग्णांत पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, एक ते दहा आकडे कधी कधी शाबूत राहतात, म्हणाल्या. ते बोलणे नव्हे, पण धरायला मूठ आहे. खरे सांगते, मला वाटले हिने माझा चमत्कार काढून घेतला. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग विचार केला, चाळीस-बेचाळीस वर्षे रोज संध्याकाळी म्हटलेले ते शब्द कुणीतरी आधीच आत ठेवून दिले होते ना, घर जळाले तर शिल्लक राहावे म्हणून! मॅडम त्याला सवय म्हणतात. मी दुसरे काही म्हणते. आमचे भांडण नाही.

त्यांनी पद्धत शिकवली. डाव्या हाताने टेबलावर ठेका, चालीत म्हणायचे, मध्येच थांबायचे, पुढचा शब्द ह्यांनी भरायचा. मग तोच ठेका ठेवून दुसरा शब्द. "पाणी" यायला अकरा आठवडे लागले. "पेज" त्यापेक्षा लवकर आली.

तर ३० नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी दुपारी, सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन आम्ही एकवीस जण निघालो. पुढे खुरीस (क्रूस), मागे चमकणारी पट्टी लावलेली दोन पोरे, कारण इन्सुलीच्या घाटात ट्रकवाल्यांना माणूस दिसत नाही. सगळे मिळून सत्तरेक किलोमीटर. मी किलोमीटर मोजत नाही, तेर्स मोजते. एका तेर्सात ५३ नमान, वीसेक मिनिटे, म्हणजे माझ्या चालीने सव्वा किलोमीटर. बांदा म्हणजे दहा तेर्स. असे केले की डोके पुढच्या वळणाकडे जात नाही. घरी ह्यांच्याबरोबर मी तेच करते, पुढच्या शब्दापलीकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला इथेच पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. हुतात्मा स्मारकापाशी पाद्रींनी खुरीस थांबवला, मौनात एक "आमच्या बापा" ही प्रार्थना झाली. पुढे धारगळपर्यंत डोक्यावरून मोपा विमानतळाची विमाने. एका पोराने हिशेब केला की आपण चालतो तेवढ्यात माणूस दुबईला जाऊन परत येईल, परत जाईल, परत येईल. कोलवाळच्या पुलावर वारा लागला, शापोरा नदी खाली पसरलेली. तिथे उजव्या अंगठ्याजवळ तो ओळखीचा चटका जाणवला. मोजा काढला. फोड, वाटाण्याएवढा. मावशी या वर्षीही होत्या आणि त्यांच्या पिशवीत सुई होती. मी हात जोडले. व्हॅसलीन, पट्टी, दोन मोजे, आबांचे नाव घेऊन चालू पडले.

म्हापशाच्या बसस्टँडवरून जाताना कंडक्टर ओरडत होता, "बांदा, सावंतवाडी! बांदा, सावंतवाडी!" दार उघडे, खिडकीची जागा रिकामी. वर्षापूर्वी याच ठिकाणी मी चढले होते. या वेळी प्रार्थनाबिर्थना काही सुचली नाही. समोरच्या बाईच्या पिशवीवरचे कमळ तेवढे बघत राहिले आणि पाय तिच्या मागे गेले. संध्याकाळच्या मिसला पाद्रींचा झगा जांभळा होता, नाताळाआधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार, एकच मेणबत्ती पेटलेली.

सोमवारी पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ खाल्ली. मांडवी पूल ओलांडला आणि मग रायबंदरचा तो जुना बांध, १६३३-३४ च्या सुमाराचा. तीन किलोमीटर सरळ रस्ता, कुठे सावली नाही, बाजूला मिठागरे. तिथे पाद्रींनी सायबाची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, पण उन्हात चालताना वेगळी ऐकू आली. १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा इस्पितळात आजाऱ्यांजवळ राहायचा आणि रस्त्याने घंटा वाजवत पोरे गोळा करायचा. शिकवण चालीत बसवून त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा. चालीत! मी मागून जवळजवळ ओरडलेच. आमच्या मॅडम टेबलावर ठेका धरतात ते काय वेगळे आहे?

आणि शेवट. त्याला चीनला जायचे होते. किनाऱ्याजवळच्या एका बेटावर नावेची वाट बघत राहिला. नाव आलीच नाही. ३ डिसेंबर १५५२ ला तिथेच गेला, वय अवघे ४६. ज्याच्या पायाशी आम्ही रखडत निघालो होतो तो स्वतः पोचला नव्हता. हे ऐकून मला का कोण जाणे, हलके वाटले. म्हापशाची एसटी त्याला सांगण्यासारखी वाटली.

जुन्या गोव्यात त्या वर्षी दहा वर्षांनी होणारे शवदर्शन होते. बॉम जेझूच्या बासिलिकेतून सायबाला सें कॅथेड्रलमध्ये आणलेले. रांग अंगणात वळसे घेत मागे गेलेली. साडेतीन तास उभी होते. चालण्यापेक्षा उभे राहणे कठीण. काचेपाशी पोचले तेव्हा मिळाले असतील दहा सेकंद. एवढासा देह, सुकलेला. काय मागायचे ते घोकून आले होते, पण स्वयंसेवकाने "पुढे, पुढे" केले आणि माझ्या तोंडून फक्त "देव बरे करूं" निघाले. आभार मानून बाहेर आले. मागायचे राहिलेच.

रात्री आठ वाजता मंडपात पाय पसरून घरी फोन लावला. तेर्साची वेळ. मुलीने फोन ह्यांच्या कानाला धरला. मी ठेका धरला, मांडीवर, डाव्या हाताने. "नमान मोरिये..." पलीकडून पुढचे आले, स्वच्छ. दुसऱ्या नमानाच्या मध्ये आवाज थांबला. मला वाटले रेंज गेली. श्वास ऐकू येत होता. मी ठेका चालू ठेवला, काही बोलले नाही. शेजारी मावशी जेवणाचे डबे मांडत होत्या, त्यांना हाताने थांबवले.

"पाय?" हे म्हणाले.

हा शब्द आम्ही कधी घोटला नव्हता.

"एक फोड इलो," मी म्हटले. "फोडूक नाय."